आमदारांचं मत नावानिशी नोंदवून जाहीर करावं का?

चौथा बाक
10 जुलै 2025 ला जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने, म्हणजे 'होय'-'नाही'च्या आवाजावरून, मतं न मोजता संमत झालं. माकपच्या विनोद निकोले यांचा विरोध माहीत आहे, कारण त्यांनी तो उघड मांडला. बाकीच्यांपैकी कोण 'होय' म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण सभागृहातच नव्हतं, याची नोंद नाही. काँग्रेसच्या आमदारांनी पुरेसा विरोध का केला नाही, हा प्रश्न नंतर त्यांच्याच पक्षात निघाला. उत्तर शोधायला कागदच नाही.

माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक विधेयकाच्या शेवटच्या वाचनाला, म्हणजे ते संमत करायच्या टप्प्याला, नावानिशी मत घ्या आणि यादी त्याच दिवशी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर टाका.

तालिकेवरून
विरोध आहे, दोन कारणांनी.

वेळ. 30 नोव्हेंबर 2019 च्या, उद्धव ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाला शिरगणती झाली. प्रत्येकाने उभं राहून नाव आणि क्रमांक सांगायचा. माणशी पाच सेकंद धरले तरी 288 जणांना 24 मिनिटं. पावसाळी अधिवेशन जेमतेम तीन आठवड्यांचं, त्यात एकेका दिवशी चार-पाच विधेयकं. वेळ जाईल तो चर्चेचाच.

दुसरं कारण मोठं. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीच्या, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याच्या, परिच्छेद 2(1)(ख) प्रमाणे पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मत दिलं किंवा तटस्थ राहिलं आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. आवाजी मतदानात गप्प बसणाऱ्याला निदान आडोसा मिळतो. नावं छापलीत की तोही गेला. यादीतून मतदाराला आमदाराचं मत कळणार नाही, पक्षादेश काढणाऱ्या प्रतोदाचं कळेल.

चौथा बाक
तो आडोसा पक्षापासून असतो तसा मतदारापासूनही असतो. प्रतोद शेजारच्याच बाकावर बसलेला, त्याला कोण गप्प राहिलं ते दिसतं. दिसत नाही ते मतदारसंघातल्या माणसाला.

राज्यसभेची निवडणूक बघा. 2003 च्या दुरुस्तीनंतर मतदान 'खुलं' झालं, म्हणजे आमदार मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो. लोकांना नाही. पक्षापुरता उघडेपणा आपल्याकडे आधीच आहे.

नियमपुस्तिका
वेळेचा हिशेब शिरगणतीवर का करता? जुन्या संसद भवनात लोकसभेच्या बाकांवर 'होय'साठी हिरवं, 'नाही'साठी लाल, तटस्थासाठी पिवळं बटण होतं. पहिल्या घंटेला सुरुवातीचा खटका आणि आपलं बटण एकदम दाबायचं, 10 सेकंदांनी दुसरी घंटा होईपर्यंत धरून ठेवायचं. आधी बोट उचललं की मत पडत नाही, मग चिठ्ठी भरावी लागते. 22 जुलै 2008 च्या विश्वासमताचा 275 विरुद्ध 256 हा आकडा चिठ्ठ्या मिळवूनच पक्का झाला. म्हणून यादी दोनदा लावावी, यंत्राची आणि दुरुस्त केलेली.

खरी अडचण नियमातच आहे. लोकसभेच्या नियम 367 मध्ये मतविभागणी, म्हणजे आवाजाऐवजी मोजून मतदान, मागता येते, पण ती विनाकारण मागितली असं अध्यक्षांना वाटलं तर ते दोन्ही बाजूंना जागेवर उभं करून मोजू शकतात, आणि तेव्हा नावं नोंदवायची नाहीत असं तिथेच लिहिलंय. राज्यसभेत 20 सप्टेंबर 2020 ला कृषी विधेयकांवर विभागणी मागितली गेली. मागणारे आपल्या जागेवर नाहीत, असं उपसभापतींचं म्हणणं. विधेयकं आवाजी मतदानाने संमत झाली आणि दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित. मागितली तर नोंद, ही पद्धत वादाच्या दिवशीच कोलमडते. नोंद आपोआप व्हायला हवी.

तालिकेवरून
बटणांचं मान्य. पण वक्फ विधेयकाला लोकसभेत 288 विरुद्ध 232 मतं पडेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती. एकेका दुरुस्तीवर विभागणी मागितली की असंच होणार.

चौथा बाक
म्हणूनच फक्त शेवटचं वाचन म्हणतोय. दुरुस्त्यांना आताचाच नियम राहू द्या. विश्वासदर्शक ठराव मात्र अजिबात सोडायचा नाही. 12 नोव्हेंबर 2014 ला फडणवीस सरकारने तो आवाजी मतदानाने जिंकला. भाजपचे निवडून आले होते 122, बहुमताला हवे होते 145. ही तूट कोणाच्या 'होय'ने भरली, हे आजही कागदावर दाखवता येत नाही. त्या दिवशी विभागणीची मागणी झाली होती.

नियमपुस्तिका
यादीत गैरहजरांचा रकाना हवाच. 2019 च्या त्या ठरावाचा आकडा 169 विरुद्ध 0. चार तटस्थ. शून्य वाचून कोणाला वाटेल की विरोधच नव्हता, पण भाजपने सभात्याग केला होता. सभात्याग, मंजूर रजा आणि नुसती दांडी, तिन्ही वेगळं लिहा.

तालिकेवरून
तो रकाना मला पटतो. क्रम पटत नाही. पक्षादेश मोडल्याची अपात्रता फक्त विश्वास-अविश्वास ठरावांपुरती ठेवा, हे निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सुचवलं होतं. ते आधी करा.

चौथा बाक
त्याला घटनादुरुस्ती लागते, दोन-तृतीयांश बहुमत लागतं. मतांची यादी लावायला विधानसभेने स्वतःचा नियम बदलला की झालं. 35 वर्षं थांबलो, आता हे आधी होऊ द्या.