एका डिशवर तीन टीव्ही: स्प्लिटर घेण्यापूर्वी

माजघर, पडवी आणि माडी अशा तीन ठिकाणच्या टीव्हींना एकाच डिशवरून सिग्नल देण्यासाठी कोणता स्प्लिटर घ्यावा, असे आपण विचारले आहे. या प्रश्नावर एकाने साध्या अँटेनाचा स्प्लिटर सुचवला आहे, पण तो येथे चालणार नाही, कारण तो साधारण ५ ते १००० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा असतो, तर एलएनबीतून (डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीतून) उतरणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झचा असतो.

योग्य वारंवारता-पट्ट्याचा स्प्लिटर मिळाला, तरी खरी अडचण पुढेच आहे. सेट टॉप बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला सुमारे १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून उभे किंवा आडवे ध्रुवण (सिग्नलच्या लहरींच्या कंपनाची दिशा) निवडतो. त्यामुळे दोन बॉक्सनी वेगवेगळे ध्रुवण मागितले की एकाच्या पडद्यावरचे चित्र जाते आणि दोष मात्र बिचाऱ्या डिशच्या माथी येतो. म्हणून चार आउटपुटांचा एलएनबी बसवून प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र आरजी-६ केबल (डिशसाठी वापरतात त्या जातीची) द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केबल जास्त लागते, पण स्प्लिटरची गरजच उरत नाही.

आमचे घर गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. गेल्या मे महिन्यात वळचणीखालचा जोड उघडला, तेव्हा केबलच्या मधल्या तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढला होता आणि चिमटीत धरताच ती तुटली. खाऱ्या वाऱ्यात उघडा जोड टिकत नाही. बाहेरच्या कनेक्टरांवर रबरी टेप घट्ट गुंडाळावी आणि केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच ठिबकून जाते.