बंद घर राहण्याआधी शुद्ध कसं करायचं? (घरात दमा आहे, लहान मूल आहे)

माजघर
लवकरच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचंय. तळमजला आहे, घर पावसाळाभर बंद होतं. आत शिरलं की जड वाटतं, कुबट वास येतो. ऊद घाला, मिठाच्या पाण्याने पुसा, गोमूत्र शिंपडा असं सगळे सांगतात. पण नेमकं किती आणि कुठल्या क्रमाने? सासूबाईंना दमा आहे, लेक दोन वर्षांची आहे. हॉलमध्ये मार्बल, बाकी टाइल्स.

धुपाटणं
ताई, आधी अडगळ, मग हवा, मग पाणी आणि धूप अगदी शेवटी. कुबट घरात थेट ऊद घातला तर वास जात नाही, नुसता झाकला जातो.

माळ्यावरची रद्दी, आधीच्यांची केरसुणी, पायपुसणी, सगळं बाहेर काढा. ऊन पडलेल्या सकाळी समोरासमोरच्या खिडक्या, कपाटं आणि ओट्याखालची दारं तासभर उघडी ठेवा. सामान यायच्या आधी असं दोन-तीन दिवस झालं तर घर निम्मं हलकं होतं.

धूप सासूबाई आणि लेक घरात नसताना, शक्यतो आदल्या दिवशी करा. दम्याला धूर चालत नाही, मग तो गोवरीचा असो की उदाचा.

धुपाटण्यात तळाला दोन बोटं राख किंवा कोरडी वाळू घाला, म्हणजे बूड तापून फरशीला डाग पडत नाही. त्यावर गोवरीचे काडेपेटीएवढे दोन-तीन तुकडे, चमचाभर तूप. गोवरी उन्हात कडकडीत वाळलेली हवी, दमट असली तर नुसता धूर कोंडतो. गोवरी नसेल तर करवंटीचे तुकडे उत्तम. बाल्कनीत पेटवा. ज्योत पूर्ण विझून लाल निखाऱ्यावर पांढरी राख धरली की मगच अर्धा चमचा कुटलेला ऊद चिमटी-चिमटीने टाका. इथेच बहुतेकांचं चुकतं: ज्योत असताना ऊद टाकला की तो पेट घेतो, काळा, घशाला लागणारा धूर होतो. एकदम मूठभर टाकला तर वितळून निखाऱ्यावर बसतो आणि निखारा विझतो. स्वस्त लोबानात बरेचदा राळ मिसळलेली असते, तिचाही धूर काळा येतो.

देवघरापासून निघून प्रत्येक खोलीत, दारामागे, कपाटात (आत काही नसताना) क्षणभर फिरवा आणि उंबऱ्यापाशी संपवा. खिडक्या उघड्याच हव्यात. निखारे बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उरलेल्या निखाऱ्यांवर पाणी ओतून मगच टाका.

गुग्गुळ सहसा टाळा. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातलं ते झाड आता अतिसंकटग्रस्त आहे.

खडेमीठ
मिठाचं सांगते. अर्ध्या बादलीला, म्हणजे साधारण सात-आठ लिटरला, दोन मुठी खडेमीठ. पूर्ण विरघळू द्या, खडा राहिला तर पोछ्याखाली चरे पडतात. आतल्या खोल्यांतून दाराकडे पुसत या, पाणी मोरीत ओता आणि मग साध्या पाण्याने नक्की पुसा. मीठ हवेतली ओल ओढतं, तसंच राहिलं तर फरशी चिकट होते आणि लोखंडी कपाटाचे पाय गंजतात.

मार्बलवर मीठ नकोच. शहाबादी आणि कोटावरही नको. हे चुन्याचे दगड, मीठ छिद्रांत शिरतं आणि वाळल्यावर पांढरं फुटून येतं. लिंबू, व्हिनेगरही नको, चकाकी कायमची जाते. हॉल साध्या कोमट पाण्याने पुसा.

तुळशीवृंदावन
गोमूत्र शिंपडणार असाल तर त्याच फरशीवर ब्लीच वापरू नका. गोमूत्रातला अमोनिया आणि ब्लीच मिळून विषारी वायू होतो, दम्याच्या माणसाला फार घातक. एका तांब्याभर पाण्यात चमचाभर पुरे, आंब्याच्या पानाने शिंपडा.

राहायला गेल्यावर रोज धूप नको. दिवेलागणीला तुपाचं निरांजन लावा. वात आखूड ठेवली की काजळी धरत नाही. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण असू द्या, पण सुकलं की काढा, धूळ धरतं. घरमालकाची हरकत नसेल तर उदकशांत करून घ्या. भाड्याच्या घरालाही चालते, मनाला फार स्वस्थता येते.

माजघर
सगळ्यांचे मनापासून आभार. कोपऱ्यांत मिठाच्या वाट्या आणि कापूर ठेवू का?

खडेमीठ
वाट्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या घ्या, स्टीलला मीठ खातं. लेकीचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा, मीठ ओलं झालं की बदला. भिंत ओली असेल तर मात्र वाट्यांनी काही होणार नाही, बुरशी धरतेच. पोपडे किंवा काळे ठिपके दिसले तर घरमालकाकडून गळती काढून घ्या, सामान त्यानंतर लावा.

कापूर मात्र अजिबात उघडा ठेवू नका. लहान मुलाने थोडासा गिळला तरी झटके येऊ शकतात. डांबरगोळ्याही नकोत. आरतीपुरती एक वडी, बाकीचा डबा घट्ट झाकणाचा आणि कुलुपात.