‘मस्ट नॉट’ आणि ‘नीड नॉट’ यांतील भेद मराठीत कसा राखावा?

प्रश्न:
औषधांच्या माहितीपत्रकांची मराठी भाषांतरे तपासण्याचे काम मी करते. मागील आठवड्यात एका गोळीविषयीच्या ‘नीड नॉट बी टेकन विथ फूड’ या शब्दांचे भाषांतर ‘जेवणासोबत घेऊ नये’ असे झालेले आढळले. ते मी थांबवले. परंतु दोन्हीकडे नकारच असल्याने फरक पडत नाही, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. रुग्णाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, असे मला मनापासून वाटते. त्यांना तो कसा समजावून सांगावा?

उत्तर १:
नकार नेमका कशाला लागतो, हे त्यांना दाखवावे. ‘मस्ट नॉट’मध्ये तो क्रियेला लागतो, म्हणजे ती क्रिया न करणे बंधनकारक ठरते, ‘नीड नॉट’ आणि ‘डोन्ट हॅव टू’ यांमध्ये तो आवश्यकतेला लागतो, म्हणजे बंधनच उरत नाही. मराठीत पहिल्यासाठी ‘घेऊ नये’ किंवा अधिक कडक ‘घेता कामा नये’, आणि दुसऱ्यासाठी ‘घेण्याची आवश्यकता नाही’ किंवा ‘घ्यावी लागत नाही’, अशी स्वतंत्र रूपे आहेत. ‘नको’ मात्र अशा मजकुरात टाळावे, कारण ‘तुला यायला नको’ म्हणजे येण्याची गरज नाही, पण ‘तू यायला नको होतास’ म्हटले की तोच शब्द ठपका ठेवतो.

उत्तर २:
थोडे मागे जाऊन सांगतो. ‘मस्ट’ हे जुन्या इंग्रजीतील ज्या क्रियापदाचे भूतकाळी रूप होते, त्याचा अर्थ मुभा असणे असा होता. मुभेकडून सक्तीकडे सरकलेल्या या रूपाला आज स्वतःचा भूतकाळ नाही, म्हणून ‘जावे लागले’ यासाठी ‘हॅड टू गो’ म्हणावे लागते आणि ‘मस्ट हॅव गॉन’चा अर्थ ‘गेला असणार’ असा निघतो. आपल्या ‘पाहिजे’चा प्रवासही मला तितकाच विलक्षण वाटतो: ते मुळात ‘पाहणे’चे जुने कर्मणी रूप, ‘म्हणजे’ शब्दाच्याच घडणीचे, आणि आज ‘तो घरी असला पाहिजे’ या वाक्यात तेही ‘मस्ट’प्रमाणे अनुमान व्यक्त करते.

उत्तर ३:
तांत्रिक लेखनात हा भेद लेखी ठरवून दिलेला आढळतो. इंटरनेटच्या मानकांसाठी मार्च 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी 2119’ या दस्तऐवजात ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे सबळ कारणाशिवाय न मोडण्याची शिफारस आणि ‘मे’ म्हणजे ऐच्छिक, असे अर्थ बांधले आहेत. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांची भाषा 2007 मध्ये सुधारताना, संदिग्ध ‘शॅल’ काढून बंधन असेल तेथे ‘मस्ट’ घातले गेले. आपल्या कार्यालयानेही अशी छोटी शब्दयादी करावी.

प्रश्नकर्ती:
सर्वांची आभारी आहे. ‘रिकाम्या पोटी घेतली तरी चालेल’ असे लिहिले तर अधिक सोपे होईल का?

उत्तर १:
तसे लिहू नये. रिकाम्या पोटाविषयी मूळ वाक्य काहीच सांगत नाही. ती भर आपली ठरेल. ‘ही गोळी जेवणासोबतच घेतली पाहिजे असे नाही’ एवढेच लिहावे आणि त्यातील ‘च’ गाळू नये.