होम थिएटरला एकच रिमोट: सीईसी पुरे, की युनिव्हर्सल घ्यावाच?

सांगलीकर (धागाकर्ता): टीव्ही, एव्ही रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा), डीटीएचचा सेट टॉप बॉक्स आणि फायर टीव्ही स्टिक, म्हणजे चार रिमोट. माझं ठाम मत: खऱ्या बटणांचा, मूळ रिमोटचे कोड शिकून घेणारा युनिव्हर्सल (सगळ्या उपकरणांना एकच) रिमोट घ्यावाच. २०२१ मध्ये लॉजिटेकने आपले हार्मनी हे युनिव्हर्सल रिमोट बंद केले, तेव्हापासून जो तो मोबाइल ॲप सुचवतो. ऐन सिनेमात आवाज कमी करायला फोनचं लॉक उघडायचं? आणि आईला बातम्या लावायच्या असतील तर?

तारजोड: साफ असहमत. कशाला खर्च? सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधून उपकरणांनी एकमेकांना आदेश देण्याची सोय, सुरू करा. सॅमसंगवर ते ॲनीनेट+, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक या नावाने सापडेल. रिसीव्हर टीव्हीच्या एआरसी पोर्टला (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणाऱ्या एचडीएमआय पोर्टला) जोडा. मग स्टिकचं होम बटण दाबलं की टीव्ही आणि रिसीव्हर दोन्ही जागे होतात. शिवाय निरोप केबलमधून जातो, त्यामुळे रिसीव्हर बंद कपाटात असला तरी अडत नाही. साध्या रिमोटच्या इन्फ्रारेड किरणांना समोर मोकळी वाट लागते.

सांगलीकर: आणि सेट टॉप बॉक्स? बरेच बॉक्स सीईसीला दादच देत नाहीत. आमच्याकडे जास्त वेळ तोच चालतो. चॅनेल नंबर दाबायला आकड्यांची बटणं लागतात, ती स्टिकच्या रिमोटवर नाहीत.

मधला मार्ग: दोघंही एक गोष्ट सोडताय. इन्फ्रारेड एकतर्फी असतं, टीव्ही चालू आहे की बंद हे रिमोटला कळत नाही. चालू-बंदला एकच कोड असेल, तर 'सगळं सुरू करा' दाबल्यावर आधीच चालू असलेला टीव्ही बंद होतो आणि बाकीचं सुरू! घरचे अशाने वैतागतात. म्हणून घेण्याआधी आपल्या उपकरणांना चालू आणि बंदचे वेगळे कोड आहेत का ते पाहा. मूळ रिमोटवर तशी बटणं नसली तरी अनेक टीव्ही ते कोड ओळखतात. दुसरं, स्टिक ब्लूटूथवर चालते. नुसता इन्फ्रारेड रिमोट तिच्यापुढे हतबल. ब्लूटूथ असलेलाच घ्या, सोफाबॅटन कंपनीचे काही आहेत.

तारजोड: सोफाबॅटनच्या रिमोटचं सेटिंग कंपनीच्या ॲपवरून करावं लागतं. हार्मनी बंद करतानाही लॉजिटेकने कोडचा डेटाबेस चालू ठेवण्याचं आश्वासन दिलं होतं, पण नव्या कंपन्यांची हमी कोण देणार?

सांगलीकर: म्हणूनच कोड रिमोटच्या आतच साठवणारा घ्यावा. स्टिकचा रिमोट वेगळा राहिला तरी चालेल. चाराचे दोन झाले, आणि आईला लागतो तो एकच.