नाथसागरात साइड-स्कॅन सोनार: लांबच्या वस्तूची जागा दर फेरीत सरकते

पैठणकर: बुडालेली होडी शोधतोय. सोनार (ध्वनिलहरी सोडून पाण्याखालचं दोन्ही बाजूंचं चित्र दाखवणारं यंत्र) काठीवर बसवलंय. १२० मीटरवर खूण स्पष्ट दिसते, पण दर फेरीत जागा ५-६ मीटर हलते. काय तपासू?

जलमापक: दादा, आधी दिशा तपासा. १२० मीटरवर २ अंश चूक म्हणजे ४.२ मीटर. चुंबकी होकायंत्र इंजिन-बॅटरीजवळ असेल तर तेच कारण. दोन अँटेनांचं जीपीएस होकायंत्र लावा, काठी हलू नये म्हणून तिला दोऱ्यांनी ताण द्या. काठी वळली की सगळंच वळतं.

मग ध्वनिवेग, कारण सोनार अंतर त्यावरूनच काढतं. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे १४८२ मीटर प्रतिसेकंद, ३० ला १५०९. यंत्रात १५०० ठेवून थंडीत काम केलं तर १२० मीटरवर जवळपास दीड मीटर फरक. तापमान खोलीवरही मोजा. उन्हाळ्यात वर गरम, खाली गार थर असला की ध्वनीचा किरण खाली वाकतो आणि लांबची वस्तू सावलीत, म्हणजे ध्वनी न पोचणाऱ्या भागात, जाऊ शकते.

गोदाकाठ: त्याच रेषेवर उलट फेरी मारून जीपीएसचा वेळ-उशीर कळतो: २ मीटर प्रतिसेकंद वेगात अर्धा सेकंद म्हणजे १ मीटर, आणि खूण उलट बाजूला सरकते. पण सोनार डावी-उजवीकडे वळून बसलं असेल तर ती चूक अशानं निघत नाही. वस्तूच्या पलीकडून समांतर फेरी घ्या, दोन्ही खुणांचा मध्य धरा.

शेवटची जागा मात्र ३० मीटरवरूनच पक्की करा. लांबून फक्त शोधायचं.