नोकरी शोधणं ही 'पूर्णवेळ नोकरी' आहे, हे मला पटत नाही

चाकणचा_क्वालिटीवाला

चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत नऊ वर्षं क्वालिटीत, म्हणजे पार्ट तपासायच्या खात्यात होतो. एक लाईन बंद झाली आणि आम्ही सतरा जण घरी आलो. आज अकरावा महिना. २१४ अर्ज, ९ मुलाखती, दोनदा शेवटच्या फेरीपर्यंत. हातात काही नाही.

सुरुवातीला ज्याने त्याने एकच सांगितलं, नोकरी शोधणं हीच नोकरी समज. समजलो. सकाळी नऊला लॅपटॉप उघडायचा, संध्याकाळी सहाला मिटायचा. चौथ्या महिन्यात मेल आल्याचा आवाज झाला की पोटात गोळा यायला लागला. मेल न उघडता मी दोन-दोन तास तेच पोर्टल वर-खाली करत बसायचो. घरच्यांना वाटायचं, काम चाललंय.

लाईनवर पार्ट रिजेक्ट झाला तर त्याला टॅग लागतो. तारीख, मशीन नंबर, दोष काय ते. बोअर म्हणजे भोक मोठं झालं, कडेला बर म्हणजे धातूची कूस राहिली, डेंट आला. आमच्याकडे कारण लिहिल्याशिवाय तो रेड बिनमध्ये टाकता यायचा नाही. माणसाला कुणी टॅग लावत नाही. २१४ पैकी पावणेदोनशे ठिकाणांहून साधं उत्तरही नाही. मग तो टॅग आपणच लिहायला लागतो. वय ३६. इंग्रजी कच्चं. नुसता डिप्लोमा. रोज आठ तास हेच लिहीत बसलं तर उमेद राहणार कुठून?

सहाव्या महिन्यापासून शोध फक्त तीन तास. साडेबाराला लॅपटॉप कपाटात. मग भोसरीला मित्राच्या वर्कशॉपमध्ये जातो, त्याच्या मापं तपासायच्या गेजचं रजिस्टर लावतो, इन्स्पेक्शन रिपोर्ट भरतो. पैसे घेत नाही. पण संध्याकाळी घरी येतो तेव्हा एक तरी काम पुरं झालेलं असतं. ज्यांचा शोध लांबलाय त्यांना माझं सांगणं आहे, शोधाला अख्खा दिवस देऊ नका.

भरतीवाली

दादा, मी बारा वर्षं भरतीचं काम करते आणि मला हे पटत नाही. जागा निघाली की पहिल्या दोन दिवसांत अर्जांचा ढीग लागतो. आम्ही वरचे पाहतो, खालपर्यंत पोचत नाही. पोर्टलवर उमेदवार शोधताना अलीकडे कोण सक्रिय होतं हे पाहण्याची सोय असते, आणि आम्ही ती वापरतो. साडेबारानंतर कपाट बंद म्हणजे दुपारी निघालेल्या जागेला तुम्ही दुसऱ्या दिवशी पोचणार.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. उत्तर न येण्याचं कारण बहुतेक वेळा तुम्ही नसता. जागा मध्येच थांबवली जाते, आतलाच माणूस घेतला जातो, बजेट अडकतं. मीही कित्येकांना कळवलेलं नाही. त्याची मला लाज वाटते. टॅगवर स्वतःचं वय लिहू नका.

चाकणचा_क्वालिटीवाला

ताई, फोन चालूच असतो, अलर्टही लावलेत. पण माझ्या ९ पैकी ६ मुलाखती जुन्या ओळखीतून आल्या. सप्लायरकडचे लोक, जुने सहकारी. त्यांना फोन करायला तीन तास पुरतात. पुढचे पाच तास मी स्क्रीनसमोर फक्त स्वतःला खात होतो.

ग्रंथालयातली

१९३० च्या आसपास ऑस्ट्रियातल्या मारीएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिचे सहकारी तिथे अभ्यासाला गेले. हातात वेळच वेळ, तरी ग्रंथालयातून पुस्तकं नेणं कमी झालेलं. रस्त्यावर पुरुषांची चाल बायकांपेक्षा मंदावलेली. दिवसभर काय केलं हे त्या पुरुषांना धड सांगता येत नव्हतं. बायकांना घरचं काम होतंच. मोकळ्या वेळाला कुठेतरी खुंटी लागते, म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूने.

रात्रपाळी

त्या गावात बेकारभत्ताही तुटपुंजा होता आणि पुढेपुढे बंद होत गेला, हेही सांगा की. चाल मंदावली त्यात रिकाम्या पोटाचाही वाटा होता. वेळापत्रकाने हप्ता भरला जात नाही. मी आठव्या महिन्यात गोदामात रात्रपाळी धरली, पगार आधीच्या निम्मा. पहिला पगार खात्यात आला त्या रात्री नीट झोप लागली. उमेद-बिमेद नंतर. आधी मिळेल ते काम धरा.

त्या सतरा जणांपैकी ज्यांचा ईएसआय (कामगार राज्य विमा) पगारातून कापला जायचा त्यांनी 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' बघावी. सरासरी रोजच्या मजुरीच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस. अटी आहेत, योजनेची मुदतही वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आधी ईएसआयच्या शाखेत विचारून घ्या.

चार_वर्षांनी

तीन तास की आठ तास, असा वाद तुम्ही घालू शकता याचाच मला हेवा वाटतो. नवऱ्याची बदली, मग दोन मुलं, चार वर्षांचा गॅप. माझा शोध रात्री साडेदहाला ओटा पुसून झाल्यावर सुरू होतो. परवा एका अर्जात गॅपचं कारण लिहीत होते, तेवढ्यात धाकटा रडत उठला. त्याला थोपटून परत येईपर्यंत पान बंद झालेलं, सगळं पुन्हा भरायचं. तशीच झोपले.

दादा, वर्कशॉपमध्ये तुमच्या कामाची कदर होते म्हणून तुम्हाला दुपार भरल्यासारखी वाटते. मी दिवसभर कामच करते, त्याने माझी उमेद वाढत नाही. मला एक शांत तास हवाय. तुमच्या दुपारसाठी वहिनींचा कुठला तास गेला, हे एकदा विचारून बघा.

सातारचा_फिटर

क्वालिटीवाले, फुकट का करताय? दोस्ती दोस्तीच्या जागी, मजुरी मजुरीच्या जागी. ते रजिस्टर लावायला त्याने माणूस ठेवला असता तर पैसे मोजलेच असते ना? अर्ध्या दिवसाचा दर ठरवा, पावती घ्या आणि लेटरहेडवर पत्र मागा. नाहीतर कागदावर तुम्ही अकरा महिने रिकामेच.

भरतीवाली

यावर मात्र शंभर टक्के सहमत. मुलाखतीत 'सध्या काय करता' याला 'एका वर्कशॉपचं क्वालिटीचं काम कंत्राटावर पाहतो' आणि 'शोधतोय' या उत्तरांत फार फरक पडतो. पत्र असलं तर ते काम सीव्हीतही दाखवता येतं. आठ तासांबद्दलचं माझं मत तेच आहे.

चाकणचा_क्वालिटीवाला

चार_वर्षांनी ताई, काल रात्री बायकोला विचारलं. ती घरी शिकवण्या घेते. सहाव्या महिन्यापासून मी दुपारी नसतो, म्हणून मुलीला शाळेतून आणायला तिने चारचा वर्ग बंद केला. मला वाटत होतं शिकवणीची मुलं कमी झाली. पाच महिने मी विचारलंच नव्हतं.

सोमवारपासून मुलीला मी आणणार. भोसरीला रोजऐवजी तीन दिवस, सकाळी आठ ते दोन, आणि मित्राकडे दर मागितलाय. त्याने लगेच हो म्हटलं, पत्रही देतो म्हणाला. त्या तीन दिवशी शोध रात्री, मुलगी झोपल्यावर. तास मात्र तीनच.