खरेदी भावाच्या खाली विकणं: ही स्पर्धा की दुकानं उठवायचा डाव?

गल्ल्यावरून:
आमचं कोथरूडला किराणा दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. परवा नेहमीच्या एका काकूंनी मोबाइल पुढे केला. ॲपवर तेलाची लिटरची पिशवी मला एजन्सीवाला देतो त्याहून नऊ रुपये कमी, वर घरपोच. "तुम्ही लावाल का हा भाव?" मी लावला तर दर पिशवीला नऊ रुपये पदरचे जातात. माझं ठाम मत आहे, हे स्वस्त विकणं आम्हाला उठवण्यासाठीच आहे. २०२४ मध्ये वितरकांच्या देशव्यापी संघटनेने झटपट घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे हीच तक्रार नेली.

महिन्याची यादी:
दादा, तुमची खरेदी आणि त्यांची खरेदी एकच धरू नका. जो ट्रकभर माल थेट कंपनीकडून उचलतो त्याला भाव वेगळाच मिळतो. जर्मनीत २००० साली वॉलमार्ट, आल्डी आणि लिडल या दुकानसाखळ्यांना, खरेदीखाली विकतात म्हणून, तिथल्या स्पर्धा खात्याने दूध, लोणी वगैरेचे भाव वाढवायला लावले. त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का सोसायचा? आणि तोच वॉलमार्ट २००६ मध्ये जर्मनीतून गाशा गुंडाळून गेला. तोटा सोसला की बाजार हाती येतोच असं नाही. उद्या यांनी भाव चढवले तर नवी दुकानं उघडतीलच.

कोर्टाच्या पायरीवर:
ताई, भाव वेगळा मिळतो हे खरं. म्हणून कायदा विकणाऱ्याचा स्वतःचा खर्च बघतो, दादांचा नाही. पण २००२ च्या स्पर्धा कायद्यातल्या कलम ४ ची मेख वेगळीच आहे. खर्चाखाली विकलं, स्पर्धक संपवायचा हेतू दिसला, तरी विकणारा आधीच बाजारात वरचढ असावा लागतो. जिओने सप्टेंबर २०१६ पासून मार्च २०१७ अखेरपर्यंत सेवा फुकट दिली. एअरटेलची तक्रार आयोगाने फेटाळली, कारण नवखी जिओ वरचढ नव्हती. वरचढ होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि झाल्यावर समोर कोण उरतं?

महिन्याची यादी:
मग नवख्याने उतरायचं कसं? स्वस्त दिल्याशिवाय त्याच्याकडे जाईल कोण?

गल्ल्यावरून:
नवख्याचं समजू शकतो. ॲमेझॉन नवखा नव्हता. अमेरिकेत डायपर्स डॉट कॉम चांगली चालायला लागली तेव्हा त्याने डायपरचे भाव पाडले. तिथल्या संसदेच्या उपसमितीचा २०२० चा अहवाल सांगतो, नुसत्या डायपरवर एका महिन्यात २० कोटी डॉलरहून जास्त घालवायची त्याची तयारी होती. शेवटी ती कंपनी ॲमेझॉननेच विकत घेतली आणि २०१७ मध्ये बंद केली.

आणि नवी दुकानं उघडतील म्हणता, तर ऐका. आमच्या शेजारचं दुकान दिवाळीनंतर बंद झालं. त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. शेजाऱ्यांच्या वहीत चाळीस घरांची उधारी होती. कोण पगार झाल्या झाल्या देतं, कोणासाठी महिनाभर थांबावं लागतं, सगळं त्यांना तोंडपाठ. ती घरं आता माझ्याकडे खातं मागतात. मी दहाच जणांना देऊ शकलो.